रॉडचा हिशोब जुळतो, मोटरचा का जुळत नाही? व्होल्टेज आणि करंटवरून ओहम-वॅट काढायचं विचारायचंय

यावलचा_इलेक्ट्रिशियन

राम राम मंडळी. मी यावल तालुक्यातला, आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड, पहिलं वर्ष. वर्गात ओहमचा नियम झाला, व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स आणि व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, वहीतली गणितं सुटतात, पण घरी मल्टीमीटर आणि क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) घेऊन खऱ्या वस्तूंवर करायला गेलो तर अर्धं जुळतं आणि अर्धं नाही म्हणून इथं विचारतोय.

आधी पाण्याचा रॉड. त्याच्यावर १५०० वॅट २३० व्होल्ट लिहिलंय. आमच्याकडे संध्याकाळी लाईट कमीच असते, मीटरवर २०५ व्होल्ट आले, करंट ५.८ अँपिअर. म्हणजे २०५ भागिले ५.८ बरोबर ३५.३ ओहम, आणि गुणिले केलं तर ११८९ वॅट. मग १५०० चं काय झालं? रॉड खराब आहे का कंपनी खोटं लिहिते? थंड रॉड काढून, प्लग बाहेर ठेवून मल्टीमीटरने ओहम मोजले तर ३४.८ आले, म्हणजे ते जवळपास जुळलं.

आता हौदावरची १ एचपीची मोनोब्लॉक मोटर, सिंगल फेज. २०५ व्होल्ट, चालू असताना ७ अँपिअर. गुणाकार केला तर १४३५ वॅट येतात पण १ एचपी म्हणजे तर ७४६ वॅट ना? आणि खरा गोंधळ पुढं आहे, मोटर बंद करून रनिंग वायंडिंगचे (मोटरमधल्या मुख्य तांब्याच्या कॉइलचे) ओहम मोजले तर फक्त ३.६ आले. २०५ भागिले ३.६ म्हणजे ५७ अँपिअर!! एवढा करंट गेला असता तर घरची वायर वितळली असती. ओहमचा नियम मोटरला लागू नाही का मग?

तिसरं काकांच्या विहिरीचं. ५ एचपी थ्री फेज सबमर्सिबल आहे, मीटर पेटीपासून विहिरीजवळच्या स्टार्टरपर्यंत ३०० मीटर केबल, तांब्याची अडीच एमएम. मोटर चालू असताना पेटीत ३८५ व्होल्ट आणि स्टार्टरवर ३५३, करंट ९ अँपिअर. मोटर मागच्या उन्हाळ्यात जळाली होती, वायंडिंग नवीन भरून आणली, यंदा परत गरम होतेय. केळीची मृगबाग आहे, ऐन मे महिन्यात पाणी बंद पडलं तर घड वाया जातात. ते मधले ३२ व्होल्ट कुठं जातात आणि हे आधीच कागदावर काढता आलं असतं का, एवढं कोणी नीट समजावून सांगा.

वायरमन_धुळे

भो पहिलं मला हे सांग क्लॅम्प कसा लावला, कारण पूर्ण वायरीभोवती क्लॅम्प लावला की फेज आणि न्यूट्रलचा करंट उलटसुलट जाऊन मीटर शून्य दाखवतो. तुझं रीडिंग आलंय म्हणजे एकाच कोरभोवती लावला असशील. त्यासाठी वायरचं वरचं कव्हर कापत बसू नको, हातभर एक्स्टेन्शन बनव ज्यात फेज, न्यूट्रल, अर्थिंग तिन्ही वायरी सुट्या, त्यात कुठलीही वस्तू लाव आणि फेजभोवती क्लॅम्प घाल, काम झालं.

आणि हे सगळ्यांसाठी लिहितोय, मल्टीमीटरचा लाल प्रोब १० अँपिअरच्या खड्ड्यात ठेवून बोर्डाच्या सॉकेटमध्ये प्रोब घालू नका, तो थेट शॉर्टसर्किट असतो, मीटर हातात फुटतो. ओहमच्या रेंजवर असताना तर लाईट चालू असलेल्या जागी लावायचाच नाही. मोटरचे ओहम मोजायच्या आधी कंडेन्सर (म्हणजे कपॅसिटर) डिस्चार्ज करायचा, लाईट बंद केली तरी तो भरलेला राहतो.

आता रॉड. रॉड चांगला आहे, कंपनीने पण खोटं लिहिलेलं नाही. १५०० वॅट हे २३० व्होल्ट मिळाले तर. २३० चा वर्ग भागिले १५०० कर, ३५.३ ओहम येतात, म्हणजे तू काढले तेच. रॉडच्या आतली नायक्रोमची तार तीच आहे, तिचे ओहम बदलत नाहीत, व्होल्टेज पडलं की करंट पण पडतो आणि दोन्ही पडले म्हणून वॅट दुप्पट जोराने पडतात. २०५ भागिले २३० म्हणजे ०.८९, त्याचा वर्ग ०.७९, गुणिले १५०० म्हणजे ११९०. तुझे ११८९. एवढं जुळलं म्हणजे तुझा मीटर पण चांगला आहे.

रात्री उशिरा लोड कमी झाला की आमच्याकडे कधी २५० पण येतात, तेव्हा हाच रॉड १७७० वॅट ओढतो आणि करंट ७.१ होतो. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर रॉड लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, सॉकेट काळं पडतं ते उगाच नाही. १६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटलाच लावा.

जळगावची_सायन्स_टीचर

प्रश्न खूप छान विचारलास, मोजून विचारलास म्हणून उत्तर द्यायला पण आनंद होतोय. माझ्या वर्गातली मुलं सूत्र पाठ करतात पण मीटर हातात घेत नाहीत.

रॉडबद्दल दादांनी सांगितलं ते बरोबर, एक गोष्ट जोडते. १५ लिटरची बादली २५ डिग्रीने तापवायची असेल तर पूर्ण १५०० वॅटला साधारण साडेसतरा मिनिटं लागतात, ११९० वॅटला बावीस. युनिट मात्र दोन्हीकडे सारखंच, अंदाजे ०.४४, कारण पाण्याला लागणारी उष्णता तेवढीच आहे, वेळ वाढला तेवढी पॉवर कमी. कमी व्होल्टेजला रॉड चालवला तर बिल वाढतं असं बऱ्याच घरांत समजतात, तसं नाही, जास्त वेळात बादलीची थोडी उष्णता बाहेर निसटते तेवढाच फरक.

आता मोटर. तुझे ३.६ ओहम खरे आहेत आणि ७ अँपिअर पण खरे आहेत. मल्टीमीटर ओहम मोजताना आतल्या बॅटरीचा डीसी करंट सोडतो, त्याला फक्त तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स दिसतो. पण मोटरला आपण एसी देतो, सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरा. लोखंडावर गुंडाळलेल्या कॉइलमध्ये करंट बदलला की चुंबकक्षेत्र बदलतं, आणि बदलतं चुंबकक्षेत्र त्याच कॉइलमध्ये उलटं व्होल्टेज तयार करतं. लाईनचे २०५ व्होल्ट बहुतेक या उलट्या व्होल्टेजशी झुंजण्यात जातात, तारेच्या रेझिस्टन्सवर थोडेच उरतात, ७ गुणिले ३.६ म्हणजे जेमतेम २५. म्हणून करंट ५७ न होता ७ राहतो.

२०५ भागिले ७ केलंस तर २९.३ ओहम येतात, त्याला इम्पिडन्स म्हणायचं. ते चुकीचं नाही, फक्त ते तारेचे ओहम नाहीत. आणि मोटरच्या बाबतीत हा आकडा पक्का पण नसतो, लोड बदलला की बदलतो, स्टार्ट होताना रोटर उभा असतो तेव्हा हाच इम्पिडन्स खूप कमी असतो म्हणून सुरुवातीला पाच-सहा पट करंट जातो. रॉडचे ३५ ओहम मात्र सकाळी ३५, संध्याकाळी पण ३५.

मग ३.६ चा उपयोग काय? आहे, आणि खूप मोठा आहे. वायंडिंगमध्ये उष्णता किती तयार होते ते त्यावरून निघतं: करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. ७ चा वर्ग ४९, गुणिले ३.६ म्हणजे १७६ वॅट. एवढी उष्णता आतल्या आत तयार होते, ती बाहेर फेकायला मागचा पंखा आणि बॉडीवरच्या पट्ट्या असतात. आता व्होल्टेज आणखी पडलं आणि करंट ७ चा ९ झाला तर? ८१ गुणिले ३.६, म्हणजे २९२ वॅट. करंट सव्वापट वाढला आणि उष्णता पावणेदोनपटीच्या जवळ गेली. वर तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स पण वाढतो, दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के, म्हणजे २० डिग्रीवरून १०० डिग्रीला गेलं की ३० टक्के जास्त. मे महिन्यात भुसावळ-जळगावला सावलीत ४५ डिग्री असते, तिथं मोटर मुळातच गरम हवेत उभी आहे.

उत्तर लांबलं, १४३५ वॅटचं दुसऱ्या कोणी लिहा, मी पेपर तपासून परत येते.

केळीबाग_रावेर

हेच पाहिजे होतं, माझी पण मोटर दरवर्षी भरावी लागते. फॉलो करतोय.

चोपडा_मोटर_रिवायंडिंग

मॅडम बरोबर बोलल्या. दुकानात येणाऱ्या मोटरा बघून सांगतो, कमी होल्टेजवर जळालेली मोटर उघडली की ओळखू येते, पूर्ण वायंडिंग सारखं काळं झालेलं असतं. एक फेज गेलेली असेल तर काही कॉइल काळे आणि काही एकदम नवे दिसतात. लोकं म्हणतात होल्टेज कमी म्हणजे मोटर कमी खाईल, रॉडसारखं. उलटं असतं. पंपाला पाणी तेवढंच वर चढवायचंय, काम कमी होत नाही, मग होल्टेज पडलं की मोटर करंट वाढवून ते काम करायला बघते. आणि जोर होल्टेजच्या वर्गाने पडतो, ८० टक्के होल्टेजला फक्त ६४ टक्के जोर, म्हणून बऱ्याचदा मोटर उचलतच नाही, नुसती गुणगुणते, आणि त्या गुणगुणण्यातच जळते. अशा वेळी परत परत बटण दाबायचं नाही.

दीपनगर_निवृत्त

पोरा, १४३५ चा प्रश्न माझ्याकडे दे. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात नोकरी गेली, हाच विषय रोजचा.

एसीमध्ये व्होल्टेज गुणिले करंट केलं की जे येतं ते व्होल्ट-अँपिअर, वॅट नाही. रॉडमध्ये व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी वर जातात एकाच वेळी खाली येतात, तिथं दोन्ही सारखेच. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या मागे राहतो, काही क्षण मोटर लाईनकडून ऊर्जा घेते आणि काही क्षण चुंबकक्षेत्रातली ऊर्जा परत लाईनला देते. ही ये-जा करणारी ऊर्जा वायरीत करंट वाढवते पण पाणी उपसत नाही. खरे वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांचा भागाकार म्हणजे पॉवर फॅक्टर.

तुझ्याकडे पॉवर फॅक्टर मीटर नसणार पण घरचं वीज मीटर आहे की, तेच वापर. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, बाजूला लिहिलेलं असतं एका युनिटला किती वेळा, ३२०० किंवा १६०० किंवा दुसरा काही आकडा. घरातलं बाकी सगळं बंद कर, फ्रिज आणि वायफाय पण, फक्त मोटर चालू ठेव, मोबाईलचं स्टॉपवॉच लावून एका मिनिटात दिवा किती वेळा लागला ते मोज. त्या आकड्याला ६० ने गुण म्हणजे तासाचे झाले, मीटरवरच्या आकड्याने भाग म्हणजे किलोवॅट. मीटर खरे वॅटच मोजतो, घरगुती बिल त्याचंच येतं.

आणि १ एचपी म्हणजे ७४६ वॅट हे मोटरच्या शाफ्टवर मिळणारं काम. आत जाणारी वीज त्यापेक्षा जास्तच, कारण वायंडिंगची उष्णता, लोखंडातला लॉस, बेअरिंग, पंखा हे सगळं त्यातूनच भागतं.

यावलचा_इलेक्ट्रिशियन

बाबा, आत्ताच करून बघितलं. मीटरवर ३२०० लिहिलंय. एका मिनिटात ५७ वेळा लुकलुकला. ५७ गुणिले ६० म्हणजे ३४२०, भागिले ३२०० म्हणजे १.०६९ किलोवॅट, म्हणजे १०६९ वॅट!! १०६९ भागिले १४३५ म्हणजे ०.७४ पॉवर फॅक्टर. बरोबर आहे का हे?

दीपनगर_निवृत्त

अगदी बरोबर. सिंगल फेजच्या छोट्या मोटरला ०.७ ते ०.८ असाच येतो. आणि पंप पूर्ण लोडवर आहे असं धरलं तर ७४६ भागिले १०६९ म्हणजे ७० टक्के, एवढ्याशा मोटरला ही एफिशियन्सी चांगली म्हणायची. हाच प्रयोग आता एकटा रॉड लावून कर, तिथं दिव्याचा हिशोब आणि व्होल्ट गुणिले अँपिअर सारखे यायला पाहिजेत, म्हणजे मनात शंका राहणार नाही.

नंदुरबार_बारावी

मध्येच विचारते, रागावू नका. पुस्तकात दोन सूत्रं आहेत, पॉवर म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स आणि पॉवर म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. पहिल्यात रेझिस्टन्स वाढला की पॉवर वाढते आणि दुसऱ्यात कमी होते. दोन्ही खरे कसे? परीक्षेत कुठलं कधी लावायचं ते कळतच नाही.

जळगावची_सायन्स_टीचर

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि यायलाच पाहिजे. दोन्ही एकाच गुणाकारातून निघतात, व्होल्टेज गुणिले करंट, फक्त एकदा व्होल्टेजच्या जागी करंट गुणिले रेझिस्टन्स ठेवलं आणि एकदा करंटच्या जागी व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स. विचारायचं एवढंच की इथं काय पक्कं आहे आणि काय बदलतंय.

घरातल्या वस्तू सगळ्या समांतर, प्रत्येकीला तेच २३० व्होल्ट. व्होल्टेज पक्कं. तिथं ज्याचे ओहम कमी तो जास्त वॅटचा: १५०० वॅटचा रॉड ३५ ओहम, १०० वॅटचा पिवळा बल्ब ५२९ ओहम. आता काकांची केबल बघ. ती मोटरच्या सिरीजमध्ये आहे, तिच्यातून किती करंट जायचा ते मोटर ठरवते, केबल नाही. करंट पक्का. तिथं ज्याचे ओहम जास्त ते जास्त तापणार. म्हणून वायर जाड पाहिजे आणि वायरीचे ओहम कमी पाहिजेत. केबलला व्होल्टेजचा वर्ग वालं सूत्र लावून ३८५ घालायचे नाहीत, केबलच्या दोन टोकांमध्ये ३८५ नाहीतच.

जाता जाता, १०० वॅटचा बल्ब थंड असताना मल्टीमीटरने मोजलास तर ५२९ नाही, ४० च्या आसपास येतील. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार डिग्रीच्या आसपास जाते आणि तिचा रेझिस्टन्स बारा-पंधरा पट होतो. नायक्रोमचा जवळपास तेवढाच राहतो, म्हणून रॉडचं थंड रीडिंग आणि हिशोब जुळला. मीटर खराब आहे असं समजून फेकून देऊ नका कोणी.

वायरमन_धुळे

आता काकांच्या केबलचा हिशोब मी करतो, हा सगळ्या शेतकऱ्यांनी वाचा, मनापासून सांगतो यात मोटरा जळताहेत.

अडीच एमएम तांब्याची वायर एका किलोमीटरला ७.४१ ओहम, हा २० डिग्रीचा स्टँडर्ड आकडा. ३०० मीटरला २.२२. केबल उन्हात पडलेली, ४५ डिग्री धरा, तांब्याचे दहा टक्के वाढवा, २.४४ ओहम एका कोरचे. थ्री फेजमध्ये ड्रॉप काढायला १.७३२ गुणिले करंट गुणिले एका कोरचे ओहम गुणिले पॉवर फॅक्टर. पॉवर फॅक्टर ०.८५ धरतो. १.७३२ × ९ × २.४४ × ०.८५ म्हणजे ३२.३ व्होल्ट. तुझं मोजमाप ३८५ वजा ३५३ बरोबर ३२. बघ भो, कागदावर आधीच निघालं असतं.

आणि हे व्होल्ट नुसते हरवत नाहीत, केबल तापवण्यात जातात. तीन कोर, प्रत्येकात ९ चा वर्ग गुणिले २.४४, एकूण ५९३ वॅट. मोटर चालू असेपर्यंत सहाशे वॅट वावरात मातीला शेक देताहेत. आठ तासांच्या पाळीत पावणेपाच युनिट.

सहाची केबल टाकली तर? किलोमीटरला ३.०८, तीनशे मीटरला उन्हात १.०२ ओहम. ड्रॉप साडेतेरा व्होल्ट, लॉस २४७ वॅट. मोटरला ३५३ च्या जागी ३७१ मिळतील, मग करंट पण थोडा उतरेल, म्हणजे खरा फायदा याच्यापेक्षा थोडा जास्तच.

केळीबाग_रावेर

दादा सहाची तांब्याची केबल तीनशे मीटर म्हणजे खर्च फार होतो. ॲल्युमिनियमची चालेल का? आमच्याकडं बरेच जण टाकतात.

वायरमन_धुळे

चालते, पण एमएम वाढवावे लागतात. दहाची ॲल्युमिनियम म्हणजे बरोबर सहाच्या तांब्याएवढी, किलोमीटरला तेच ३.०८ ओहम. सहाच्या तांब्याऐवजी सहाचीच ॲल्युमिनियम टाकली तर फसलात. वरचा विहिरीपर्यंतचा भाग ॲल्युमिनियम आर्मर्ड, जमिनीत पुरून, आणि स्टार्टरपासून खाली मोटरपर्यंत सबमर्सिबलची तांब्याची चपटी केबल, असं करतात. दोघांचा जोड मात्र नुसता पीळ मारून टेप गुंडाळायचा नाही. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो, तांब्याला थेट लावलं की जोड कुजतो. बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेली टोपी) घालून दाबून बसवायचे, स्टार्टरच्या पेटीतच जोडायचं.

आणि जोड तपासायचं सांगतो, इथंच व्होल्टेज-करंटचं गणित कामाला येतं. मोटर चालू असताना जोडाच्या अलीकडं एक प्रोब, पलीकडं दुसरा, एकाच फेजवर. चांगल्या जोडावर काही दिसायलाच नको. समज ४ व्होल्ट दिसले, करंट ९ आहे, तर त्या जोडाचे ०.४४ ओहम आणि ३६ वॅट उष्णता, बोटाएवढ्या जागेत. असा जोड आज गरम, उद्या काळा, परवा एक फेज गायब आणि मोटर सिंगल फेजिंगमध्ये गेली. हे लाईव्ह काम आहे, वायरमन सोबत असल्याशिवाय कोणी करू नका, कोरड्या जागी उभं राहून, इन्सुलेटेड प्रोबनेच.

दीपनगर_निवृत्त

वायरमनभाऊंचं बरोबर शे. यात अजून एक कमी खर्चाचं जोडतो, कपॅसिटर. ५ एचपीला २ केव्हीएआरचा (ये-जा करणाऱ्या पॉवरचं माप) थ्री फेज कपॅसिटर लावतात. जी ऊर्जा नुसती ये-जा करते ती मोटर आणि कपॅसिटर आपसात फिरवतात, केबलमधून तेवढी यायची गरज राहत नाही. काकांच्या आकड्यांवर मी हिशोब केला, ३५३ व्होल्टला कपॅसिटर पूर्ण ताकदीने काम करत नाही, तरी ९ चे साधारण ८ अँपिअर होतील. ८ चा वर्ग ६४, त्याच अडीचच्या केबलमध्ये लॉस ५९३ वरून ४६८ वर येतो. पण कपॅसिटर विहिरीवरच्या स्टार्टरला लावायचा, मीटर पेटीत नाही. पेटीत लावला तर पेटीच्या मागचा करंट उतरेल, केबलमधला तसाच राहील. बरेच कपॅसिटर चुकीच्या जागी लटकलेले दिसतात किंवा वायर काढून ठेवलेले असतात, आणि मग डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्याच मोटरांना कमी व्होल्टेज मिळतं. एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून सगळ्यांनी लावले तर सगळ्यांचं व्होल्टेज उचलतं, एकट्याने लावून थोडाच फरक पडतो.

हाच करंटच्या वर्गाचा हिशोब वर मोठ्या लाईनला पण लागतो. दीपनगरचा ५०० मेगावॅटचा संच धर. ४०० केव्हीच्या लाईनवर तो ७२० अँपिअरच्या आसपास करंट देतो. तीच वीज ११ केव्हीवर पाठवायची म्हटली तर २६ हजार अँपिअर लागतील, छत्तीस पट, आणि त्याच तारेत लॉस तेराशे पट. तशी तार कुठं बनतच नाही. व्होल्टेज चढवलं की करंट उतरतो, म्हणून एवढे उंच मनोरे उभे केलेत.

साक्री_सौर

माझा ३ एचपीचा सोलर पंप आहे, डीसी मोटरचा. कंट्रोलरवर पॅनलचे व्होल्ट आणि अँपिअर दिसतात, त्यांचा गुणाकार म्हणजे थेट वॅट का, का तिथं पण पॉवर फॅक्टर? ३००० वॅटचे पॅनल आहेत पण दुपारी बाराला पण मला तेवढे कधी दिसत नाहीत, गेल्या महिन्यात २४०० च्या वर गेलं नाही.

जळगावची_सायन्स_टीचर

डीसी बाजूला पॉवर फॅक्टर नाही, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे थेट वॅट. पॅनलवरचे वॅट २५ डिग्रीच्या सेलवर आणि दर चौरस मीटरला १००० वॅट उन्हात मोजलेले असतात. आपल्याकडं उन्हाळ्यात काचेखालचा सेल ६५ डिग्रीच्या पुढे सहज जातो, आणि दर डिग्रीला साधारण ०.३ ते ०.४ टक्के पॉवर पडते, मुख्यतः व्होल्टेज पडतं. ४० डिग्रीचा फरक म्हणजे १२ ते १६ टक्के गेले. २५००-२६०० उरतात, वर धूळ असेल तर तुमचे २४०० समजण्यासारखे आहेत. सकाळी लवकर, पॅनल थंड असताना साध्या पाण्याने धुवा आणि परत रीडिंग बघा. तापलेल्या काचेवर दुपारी थंड पाणी टाकू नका.

आणि डीसीचं कनेक्शन चालू लोडवर ओढून काढू नका. एसीत करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत येत नाही, ठिणगी ताणून राहते आणि हात भाजतो. आधी कंट्रोलर बंद, मग डीसी स्विच, मग कनेक्टर.

यावलचा_इलेक्ट्रिशियन

सगळ्यांचे आभार, मॅडम, बाबा, दादा. रॉडचा प्रयोग पण केला, दिव्यावरून ११८१ वॅट आले आणि व्होल्ट-अँपिअरवरून ११८९, म्हणजे जुळलंच. काकांना केबलचा कागद दाखवला, त्यांनी आधी कपॅसिटर आणि जोड बघायचं ठरवलंय, केबल बाग कटाईला आली की. एक शेवटचं, ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) किती अँपिअरवर ठेवायचा? भरणाऱ्याने १२ वर ठेवलाय, म्हणाला सारखा ट्रिप होतो म्हणून वाढवला. प्लेटवर ७.५ अँपिअर लिहिलंय.

चोपडा_मोटर_रिवायंडिंग

१२ म्हणजे रिले नसल्यासारखाच. प्लेटवरचा ७.५ असेल तर ७.५ वरच ठेव. सारखा ट्रिप होतो कारण मोटर खरंच ९ खातेय, रिले त्याचं काम करतोय. ८१ भागिले ५६ कर, वायंडिंगमध्ये प्लेटच्या दीडपट उष्णता चाललीय. होल्टेज ३५० च्या खाली असेल तेव्हा मोटर चालूच करायची नाही, पाळी रात्रीची असली तर रात्री ते चढतं तेव्हा पाणी द्या. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) नसेल तर तो आधी बसव, त्याचा खर्च मोटर भरण्याच्या खर्चापेक्षा कितीतरी कमी आहे. कपॅसिटर लावल्यावर मात्र बघ, रिले कपॅसिटरच्या नंतर मोटरकडच्या बाजूला आहे का आधी, कारण आधी असेल तर त्याला ८ दिसतील आणि मोटर ९ च खात असेल. मोटरच्या वायरीवर क्लॅम्प लावून खात्री कर आणि तेच रीडिंग इथं टाक.